सावडीतल्या सहा बाटल्या

आमच्या घरात माझ्या संशयी स्वभावाची टिंगल करायला कुणाला मुहूर्त लागत नाही. भाजीवाला गवार ताजी आहे म्हणाला की मी एक शेंग मोडून बघते, आणि ती कडकन मोडली तरी मला वाटतं, मोडायला म्हणून याने मुद्दाम वर ठेवली असेल. "तू देवळातल्या तीर्थालासुद्धा पट्टी लावून बघशील," असं माझे यजमान म्हणतात. पट्टी म्हणजे लघवी तपासायची पट्टी. जुन्या हायवेलगतच्या एका जनरल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली. रक्तही तपासलं, थुंकीही तपासली, पण माणसाची लबाडी कळते ती लघवीत. रक्त समोर बसवून काढतात. लघवी माणूस दाराआड जाऊन आणतो.

खोपोलीच्या कारखान्यांत लागायचं तर आधी मेडिकल करावं लागतं, आणि त्यातली बरीच माणसं आमच्याकडे यायची. एकदा एक जण बाटली घेऊन आला. मी ती हातात घेतली आणि विचारलं, "ही गार कशी?" तो म्हणाला, "एसीमुळे असेल." आमच्या संडासात एसी सोडा, धड खिडकीही नव्हती. साखर होती त्याला, म्हणून धाकट्या भावाची लघवी डब्याच्या पिशवीतून घेऊन आला होता. त्या दिवसापासून लॅबमध्ये मला पोलीसबाई म्हणायला लागले. मला ते नाव आवडायचं. उगाच विनय कशाला, फारच आवडायचं.

त्यामुळे पॅथॉलॉजीच्या मॅडमांनी गावांतल्या बायकांवर एक अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. "नमुने तुमच्याच हातून तपासायचे," म्हणाल्या, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." मॅडम पुण्याच्या. बोलणं मोजकं, काम चोख. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपायथ्याच्या काही गावांत लोक बोअरचं पाणी पितात. ते पिणाऱ्या बायकांच्या लघवीतून प्रोटीन जातं का, म्हणजे मूत्रपिंडं हळूहळू बिघडताहेत का, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्येकीचा नमुना तीनदा घ्यायचा, उन्हाळ्यात, पावसात आणि दिवाळीनंतर. आदल्या संध्याकाळी बाटल्या वाटायच्या, बायकांनी सकाळची पहिली लघवी भरून अंगणवाडीत आणून ठेवायची, दहा वाजता आमचं माणूस ती उचलणार. गरोदर बायका अभ्यासात घ्यायच्या नाहीत, कारण गरोदरपणात लघवीचं गणितच निराळं असतं. आणि कुणाच्या लघवीत प्रोटीन जास्त दिसलं तर तिला त्याच दिवशी फोन करून ओपीडीत बोलवायचं. हा शेवटचा नियम मॅडमांनी मला दोनदा सांगितला होता.

पहिल्या फेरीच्या आधी, उन्हाळ्यात, मी त्यांच्याबरोबर एका गावाला गेले. कर्जतच्या अंगाला, घाटाखाली, तीस-चाळीस उंबऱ्यांचं गाव. घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज तिथे घरात बसून ऐकू येतो. अंगणवाडीत बायका जमल्या. मॅडम संमतीपत्र वाचत होत्या आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्या गावाच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसवाल्यांची तारेची कुंपणं येऊन टेकली होती. कुणी कुठल्या कागदावर सही केली आणि काय गमावलं, याच्या गोष्टी तिथे घरोघरी होत्या.

सगळ्यांत पुढे एक उंच, काटक बाई बसली होती. वय छप्पन्न, हे मला नंतर फॉर्मवरून कळलं. बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघून बोलत होत्या. ती म्हणाली, "ही सही सातबाऱ्याला तर नाय ना जोडनार?"

"नाही हो मावशी, आम्ही फक्त लघवी तपासणार," मॅडम म्हणाल्या.

"मुताला सही लागते?"

बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. तिने कागद उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा नीट बघितली. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. शेवटी तिने सही केली आणि तिच्यामागून आणखी पाच जणींनी केली, म्हणून रजिस्टरमध्ये त्या सहा जणींचे नंबर ओळीने आले. त्या सहा जणी म्हणजे एक सावड होती. सावड म्हणजे एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने, मजुरी न घेता राबायचं. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. हे मला ठाऊक होतं. सावड शेताच्या बांधापाशी संपते असं मात्र मला वाटत होतं.

नमुने गोळा करायला एक मुलगी नेमली होती. लोधिवलीच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली, सव्वीस वर्षांची. दिवाळीनंतरचं लग्न ठरलेलं. स्कूटीला मागे आईसबॉक्स बांधून ती गावोगाव हिंडायची. मला ती पहिल्या आठवड्यातच खटकली. ती भरभर बोलायची, कारण नसताना हसायची, आणि तिच्या बाटल्या कधी कमी पडत नसत. आजवर असे अभ्यास मी पाहिलेत. वीस बाटल्या वाटल्या तर बारा परत येतात, त्यातल्या दोन रिकाम्या आणि एकीत चहा. ही वीसच्या वीस आणायची. जगात वीसपैकी वीस कुणाला काही मिळत नाही, असं माझं ठाम मत होतं.

"आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकीच्या चुलीपर्यंत जाते, ताई," ती सांगायची. "बाटली हातात देते, चहा पिते, मग निघते."

मी हं म्हणायचे. मनात म्हणायचे, चोर कधी सांगतो का की मी चोर आहे? मी तिच्या बाटल्यांची झाकणं तपासायला लागले, स्टिकर सरळ चिकटलेत की घाईत, ते बघायला लागले. दोन दिवस तर मी तिच्या स्कूटीचे किलोमीटर उतरवून घेतले. बरोबर निघाले. त्यावर मला वाटलं, हिने ओळखलं की मी उतरवतेय.

जुलैच्या मध्यावर दुसरी फेरी आली. भाताची लावणी, इकडे आवणी म्हणतात, ऐन भरात होती. त्या गुरुवारी ती घाटाखालच्या त्या गावातून अठरा बाटल्या घेऊन आली. वाटल्या होत्या अठराच.

मी हातमोजे घालून बसले. पट्टीवर प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो, प्रोटीन असलं की तो हिरवा होतो, जितकं जास्त तितका गडद. पहिल्या काही पिवळ्याच राहिल्या. मग त्या सहा जणींपैकी पहिलीची बुडवली, ती गर्द हिरवी झाली. दुसरीची हिरवी. तिसरीची हिरवी. सहाही. उन्हाळ्यातलं रजिस्टर काढलं, तेव्हा या सहाही जणींच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. मी सहा बाटल्या उजेडात ओळीने धरल्या. एकच रंग, एकच गढूळपणा. मायक्रोस्कोपखाली बघितलं, तिथेही सहा ठिकाणी तेच. सहा वेगळ्या बायकांची लघवी इतकी सारखी असूच शकत नाही. सहाही बाटल्या एकाच माणसाने भरल्या होत्या.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. सापडली, असं मी मोठ्याने म्हटलं.

मी तिला आत बोलावलं. ती रेनकोटचं पाणी निथळत उभी राहिली.

"या सहा कुठून आणल्यास?"

"अंगणवाडीच्या ओट्यावरून. ओळीने ठेवल्या होत्या."

"कुणी ठेवल्या, बघितलंस?"

"नाही ताई. आवणी चालू आहे ना, त्या पहाटेच शेतात जातात. मी पोचते तोवर बाटल्या ओट्यावर असतात." मग तिची नजर पट्ट्यांवर गेली. "अगं बाई, एवढं हिरवं? ताई, त्यांना फोन करायला हवा. आजच्या आज करायचा नियम आहे ना?"

"नियम खऱ्या नमुन्यांना," मी म्हणाले. "खोट्यांना कसला नियम?"

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा उतरला. "मी भरल्या असं म्हणताय तुम्ही?"

"मी काही म्हणत नाही. मॅडम आल्या की काय ते म्हणतील. तोवर तू फील्डवर जायचं नाहीस."

मॅडम परीक्षक म्हणून पुण्याला गेल्या होत्या, सोमवारी यायच्या होत्या. मी त्यांना फोन करू शकत होते. केला नाही. मला ते सगळं मुद्देमालासकट त्यांच्या टेबलावर ठेवायचं होतं. मी दोन पानी तक्रार लिहिली, खाली तारीख आणि वेळ घातली. सहा बाटल्या एका पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवल्या. बायकांचे फोन नंबर असलेलं रजिस्टर माझ्या कपाटात घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी ती लॅबबाहेरच्या बाकावर बसून होती. दुपारी दारात येऊन म्हणाली, "ताई, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण एकदा त्यांना फोन करून बघूया ना." मी म्हटलं, "सारवासारव करायला?" ती परत बाकावर जाऊन बसली. शनिवारीही बसली. त्या दिवसांत मी घरी मजेत होते. यजमानांना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ते म्हणाले, "आणि ती मुलगी म्हणते ते खरं असलं तर?" मी म्हटलं, तुम्ही कुणावरही विश्वास ठेवता, म्हणून तर तुम्हाला किडके आंबे मिळतात.

सोमवारी मॅडम आल्या. मी तक्रार पुढे ठेवली, पट्ट्या ठेवल्या, बाटल्या ओळीने मांडल्या. त्या मुलीलाही आत बोलावलं. मॅडमांनी दोन्ही पानं वाचली. मला वाटलं होतं त्या शाबासकी देतील.

"सहाही नमुने एकाच बाईचे आहेत, हे तुमचं बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "ती बाई कोण?"

मी त्या मुलीकडे बघितलं.

"मी चोर कोण असं विचारत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "ज्या बाईची ही लघवी आहे, तिला काहीतरी गंभीर झालंय. ती कोण? तिला बघितलं का कुणी?"

चार दिवस त्या बाटल्या माझ्या ताब्यात होत्या, आणि ही लघवी कुणाच्या तरी शरीरातून आलेली आहे, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझ्या लेखी तो पुरावा होता.

मॅडम वयांची यादी बघत होत्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून गरोदरपण तपासायचं कार्ड काढलं, पिशवीतली छप्पन्न वर्षांच्या त्या बाईची बाटली घेतली आणि कार्डावर तीन थेंब टाकले. आम्ही तिघी त्या कार्डाकडे बघत उभ्या होतो. एक रेघ आली. मग दुसरी आली, म्हणजे बाई गरोदर. मॅडमांनी दुसरं कार्ड काढलं, दुसरी बाटली. दोन रेघा. सहा कार्डं झाली आणि सहांवर दोन-दोन रेघा होत्या.

आता मी जे बोलले ते इथे लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. मी त्या मुलीकडे वळून म्हणाले, "लग्न दिवाळीनंतर आहे ना गं तुझं?"

लॅबच्या दारात रिपोर्ट घ्यायला आलेले दोघे उभे होते, आमची सफाईवाली मावशी उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. मॅडम कडाडल्या, "काय बोलताय तुम्ही!"

त्या मुलीने टेबलावरची एक रिकामी बाटली उचलली आणि संडासात गेली. दोन मिनिटांनी परत आली. बाटली माझ्यापुढे ठेवली. गरम होती. "लावा," म्हणाली. मॅडमांनीच थेंब टाकले. एकच रेघ आली. आम्ही वाट बघितली, एकच राहिली.

"आता फोन करू, ताई?" ती म्हणाली.

मी कपाट उघडून रजिस्टर दिलं. सहाही फोन लागेनात. आवणीच्या दिवसांत फोन घरी राहतात आणि माणसं चिखलात असतात. ती स्कूटीची किल्ली आणि बीपीची बॅग घेऊन निघाली, आणि मी तिच्यामागे जाऊन बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे लॅबमध्ये उभं राहणं मला शक्य नव्हतं, एवढंच. पावसाचं पाणी माझ्या चष्म्यावरून उतरत होतं, आणि तिच्या खांद्याला धरावं की धरू नये हे मला कळत नव्हतं.

गावाबाहेरच्या एका खाचरात त्या दिसल्या. ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. आम्ही बांधावरून हाका मारल्या. ती उंच बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"मावशी, गुरुवारच्या बाटल्या कुणी भरल्या?" त्या मुलीने विचारलं.

"आमीच," कुणीतरी म्हणालं.

"खरं सांगा. कुणी रागावणार नाही. एकीनेच भरल्यात ना?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. उंच बाई शांतपणे म्हणाली, "माज्या लेकीनं भरल्या. त्यात काय झालं? आमी पाचला चिखलात उतरतो. घरी जी असंल ती सगल्यांचं करते. सहा घरची पोरं तीच सांभालते, भाकऱ्या तीच थापते, रेशनला सहा कार्डं घेऊन तीच जाते. बाटल्या बी तिनंच भरल्या. उन्हाल्यात काम नवतं, तवा जिची तिनं भरलेली."

"अहो पण लघवी जिची तिची लागते!" मी म्हणाले.

"का?" ती म्हणाली. "तुमी पानीच तपासताय ना? बोअर एकच हाय आमचा."

तिने तो कागद पुढून-मागून बघितला होता, आणि जे समजलं त्याप्रमाणे चोख वागली होती. आम्हीच तिला नीट सांगितलं नव्हतं.

"तुमची लेक गरोदर आहे का?" त्या मुलीने विचारलं.

"आठवा सरतोय. पयलं हाय, म्हनून मायेरी आनली. सासर खालापूरला, तिचं कारड बिरड सगलं तिकडंच."

म्हणून ती या गावच्या कुठल्याच यादीत नव्हती. आमच्या यादीत गरोदर म्हणून नसती, गावातल्या गरोदर बायकांच्या यादीत सासरची म्हणून नव्हती.

"कशी आहे ती?"

"बरी हाय गं. अंग भरलंय चांगलं. मायेरचं पानी मानवलंय, तोंड बग कसं गोल झालंय. कालपासनं जरा डोकं दुकतंय बोलते. आन सकालपासनं डोल्यापुढं काजवे दिसतात बोलली, म्हनून निजवलीय."

गरोदर बाईला लघवीत प्रोटीन, सूज आणि डोळ्यांपुढे काजवे म्हणजे बीपी वाढून कधीही झटका येऊ शकतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि ती बांधावरून धावत सुटली. मी तिच्यामागे. काय चाललंय हे कळण्याआधीच ती आईही चिखलाच्या पायांनी आमच्यामागे धावायला लागली.

लेक पडवीत गोधडीवर पडली होती. विशी-बाविशीची. तोंड सुजलेलं, पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. आजूबाजूला चार-पाच पोरं खेळत होती आणि चुलीपाशी भाकऱ्यांची चवड झाकून ठेवलेली होती, म्हणजे सकाळी काजवे दिसत असतानाही तिने सहा घरांच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्या मुलीने बॅगेतून बीपीचं मशीन काढून पट्टा बांधला. आकडा बघून तिने तो पुन्हा मोजला. मग उठून बाहेर गेली आणि गावातला भाजीचा टेंपो अडवला.

टेंपोत गोधडी घातली. आईने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाय धरले. ती मुलगी पुढे बसून मॅडमांना फोन करत होती. खोपोली रस्त्याला लागलो आणि तिला झटका आला. दात घट्ट मिटले, डोळे फिरले, सगळं अंग ताडताड उडायला लागलं. आई ओरडत होती, "अगं बाय, हे काय होतंय हिला? ताई, हे काय होतंय?" मी बावीस वर्षं लॅबमध्ये काढली. आजार मी काचेच्या पट्टीवर बघितलेले. माणसाला होताना बघितलेला हा पहिलाच. मी फक्त तिचे पाय घट्ट धरून ठेवले.

हॉस्पिटलात सगळे तयार होते. तिला तशीच ऑपरेशनला घेतली. लेक वाचली. तिला मुलगी झाली होती, ती वाचली नाही.

अभ्यास पुढे पूर्ण झाला. ते सहा नंबर त्यातून वगळले, रिपोर्टात त्यांच्याबद्दल एक ओळ आहे. दिवाळीनंतरच्या फेरीला मॅडमांनी नवा नियम केला, की बाटल्या का आणि कुणाच्या, हे प्रत्येकीने आधी स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. मॅडमांनी माझी तक्रार फाईलला लावून ठेवली, तारीख आणि वेळेसकट. मला त्या एवढंच म्हणाल्या, "चार दिवस." पुढे वाक्य नव्हतं. दारातल्या त्या माणसांदेखत मी जे बोलले त्याची त्या मुलीने कुणाकडे तक्रार केली नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे ताई." असू दे म्हणजे माफ केलं असा अर्थ होत नाही, एवढं मला कळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर कुणी नव्हताच.

पण मला सांगायचं आहे ते ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाचं. मी वॉर्डात गेले होते. ती मुलगी तिथेच होती, लेकीचं बीपी मोजत होती. ते आता खाली आलं होतं. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिची आई मला बघून उठली आणि खाटेपासून थोडं लांब, खिडकीशी घेऊन गेली. डोळे कोरडे होते.

"डॉक्टरीन बोलली, चार-पाच दिस आधी आनली असती तर पोर हाती लागली असती," ती म्हणाली. "मला झोप नाय, ताई. मी सारखी तेच बगते, मला कसं नाय कळलं? तोंड सुजलेलं, मी बोलली अंग भरलं. माज्यामुलं झालं का?"

"नाही मावशी, तुमच्यामुळे नाही."

"मंग आधी कळलं असतं का कुनाला? तुमाला तरी? तुमच्याकडं बाटल्या व्हत्या ना."

ती मुलगी खाटेपाशी पट्टा गुंडाळत होती. तिचे हात थांबले. तिने आमच्याकडे बघितलं नाही, पण ती ऐकत होती.

मला खरं सांगता आलं असतं. त्या बाईला माझ्या खऱ्याची गरज होती, म्हणजे तिला रात्री स्वतःला दोष देत जागं राहावं लागलं नसतं. मी तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की मी सांगेन.

"नाही मावशी," मी म्हणाले. "कुणालाच कळलं नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही ओळखणार. ती म्हणाली, "मंग माजंच चुकलं." मग तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "तुमी धावत आलात म्हनून माजी लेक तरी हाय, ताई."

खाटेपाशी बीपीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मी हात काढून घेतले नाहीत.